नळ चालतो, संडास नाही

शेवटचा स्क्रू निघाला आणि कमोड बुडातून सैल झाला. म्हातारे मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. लोकांच्या घरांत नळ आणि संडास बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपल्याच हातानं केलेलं काम आपल्याच हातानं उखडायचं म्हणजे एरवी जिवावर आलं असतं. आज मात्र ते चक्क गुणगुणत होते.

पालिकेचा निरीक्षक दारात उभा होता. "नियम साधा आहे," त्यानं मिस्त्रींच्या मुलाला पुन्हा एकदा समजावलं. "घरामागच्या खोलीत नळ चालतो, बेसिन चालतं. संडास बसवला की ती राहायची जागा होते. आणि तशी परवानगी तुम्हाला नाही."

"इथं कोण राहतंय?" मुलगा म्हणाला. "बाबा दुपारचे जरा आडवे होतात, एवढंच. बाकी सगळी अडगळ."

निरीक्षकानं खाटेकडे पाहिलं, खिडकीत वाटीत ठेवलेल्या कवळीकडे पाहिलं.

बायको गेली तेव्हापासून मिस्त्री इथंच राहत होते. घरात जागा नव्हती असं नाही. पण नातीला अभ्यासाला खोली हवी होती, आणि म्हाताऱ्याचा खोकला भिंतीपलीकडेही ऐकू जायचा. "तिकडे तुमचं तुम्हाला मोकळं," मुलगा म्हणाला होता. संडासही त्यांच्याकडूनच बसवून घेतला. मिस्त्रींनी तो नेहमीसारखा चोख बसवला आणि तिथंच फसले. त्यानंतर घरात पाऊल टाकायला त्यांना कारणच उरलं नाही. जेवणाचं ताट मागच्या दारानं यायचं आणि रिकामं परत जायचं. नात आठ-आठ दिवस दिसायची नाही. भूक होती ती माणसांची, तिला ताटाचा काय उपयोग?

आता संडास गेला. या वयात अंधारात अंगण ओलांडून म्हाताऱ्यानं घरापर्यंत जायचं, हे कुठला मुलगा होऊ देईल? झक मारत आत घेणार. मिस्त्रींचा हिशेब इतका सरळ होता. कपड्यांची पिशवी तर त्यांनी सकाळीच भरून खाटेखाली सरकवली होती.

त्यांनी मलवाहिनीच्या तोंडाला झाकण बसवलं. निरीक्षकानं ते हलवून पाहिलं, फोटो काढला आणि तो बाहेरचा चेंबर बघायला गेला.

सून इतका वेळ कोपऱ्यात उभी होती. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "मग बाबांचं कसं करायचं?"

"कसं म्हणजे? दिवसा घरातला आहेच. रात्रीला झाकणाची बादली ठेवू." मुलगा आधीच तापलेला होता. "लोकांच्या पोटात का दुखतं देव जाणे! आम्ही कुणाचं काय घोडं मारलं होतं? तक्रार करणारा एकदा सापडू दे फक्त."

मिस्त्री पान्हा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच राहिले. मुलाचा राग आला असता तर बरं झालं असतं. तोही आला नाही. नियम खोलीला होता. मुलाला कुठे होता?

निरीक्षक निघाला तसे मिस्त्री त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. आल्या माणसाला सोडायला जायची त्यांना सवयच होती. फाटकाशी निरीक्षक थांबला. मागे कुणी नाहीसं पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"काका, तक्रार तुमचीच आहे हे मी कुणाला कळू दिलं नाही हं. तुम्ही ऑफिसात येऊन हात जोडलेत, तेव्हाच ठरवलं होतं. आता तरी घरात घेतील ना?"

मिस्त्रींनी वळून पाहिलं. मुलगा बादली घेऊन मागच्या अंगणाकडे चालला होता.

"घेतलंच की," ते म्हणाले. "सून आत अंथरूण घालतेय."