शेवटचा नग

"पलंगावर थेट चिकटपट्टी लावायची नाही. पॉलिश निघतं," साहेब जिन्यावरून तिसऱ्यांदा मागे वळून म्हणाले.

मुकादमाने मान डोलावली. लोकांचं सामान बांधण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती; तरी प्रत्येक घरात कुणी ना कुणी त्याला त्याचंच काम शिकवायचं. साहेब पहिल्या ट्रकबरोबर नव्या घरी गेले. मागे राहिल्या बाई, दोन गडी आणि निम्मं घर.

पलंग मागच्या खोलीत होता. साहेबांच्या वारलेल्या आईचा. साहेबांनी लिहून दिलेल्या कागदावर तो पहिल्या नंबरला होता: आधी सुती कापड, मग ब्लँकेट, कोपऱ्यांना पुठ्ठा, वरून बबलची शीट, सगळं दुहेरी. फ्रिजला दोन शब्द, कपाटाला चार, पलंगाला अर्धं पान. मुकादमाने कोरड्या फडक्याने लाकूड पुसून घेतलं. ओल राहिली तर शीटखाली डाग धरतात. पुसताना त्याची कमर सकाळपासूनचा हिशेब मागत होती. त्याने चारी ब्लँकेटं पलंगावर पसरून ठेवली, मापं बघायला.

बाई दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या असतील. हातात सुती चादरींचा गठ्ठा. एकेक चादर झटकून त्या पुढे करत होत्या, न सांगता, बरोबर हवी तेव्हा.

"तुम्ही बसा हो बाई, आम्ही करतो."

"कशावर बसू?" त्यांनी खोलीभर पाहिलं. खुर्च्या पहिल्या खेपेलाच गेल्या होत्या.

"आजींना जाऊन किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"आजारी होत्या?"

"सात वर्षं अंथरुणावर. भरवायचं, पुसायचं, दर तीन तासांनी कूस बदलायची. पाठीला जखम होऊ दिली नाही मी. एकसुद्धा." बाईंनी चादरीची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली. "डॉक्टर म्हणायचे, असं कुठे बघितलं नाही."

"मग तुम्ही झोपायचात कुठे?"

त्यांनी हनुवटीने पलंगाशेजारची फरशी दाखवली. तिथे एका माणसाच्या अंथरुणाएवढा चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ राहिला होता.

मुकादमाने फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "जरा टेका की पलंगावर. मी तोवर बाहेरचं कपाट बघतो."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "ह्यांना चालत नाही. आई गेल्यापासून कुणाला हात टेकू देत नाहीत त्यावर. परवा माझी नणंद बसली, तर तिलासुद्धा उठवलं."

"साहेब तर तिकडे गेले."

त्या हसल्या. हसण्यात फारसा जोर नव्हता. मग चादरींचा गठ्ठा खाली ठेवून त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या, बसमध्ये दुसऱ्याच्या जागेवर अंग चोरून बसावं तशा. लाकडावरून एकदा तळवा फिरवला. मागे सरकल्या. पाय वर घेतले.

"पाच मिनिटं हं मुकादम. मग उठते. तुमचा खोळंबा नको."

"होऊ द्या निवांत."

कपाटाचे मधले खण दोरीने आवळून, आरशावर पुठ्ठा बांधून तो परत आला, तेव्हा बाईंना झोप लागली होती. एका कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. तोंड किंचित उघडं. एवढ्या झटक्यात झोपी जाताना त्याने फक्त हमालांना पाहिलं होतं, दोन खेपांच्या मधे, उघड्या ट्रकमध्ये, उन्हात. बायकांना असं झोपताना बघितल्याचं त्याला आठवेना. त्याची स्वतःची बायको कशी झोपते, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

बाहेरच्या खोलीत गड्याने चिकटपट्टी ओढली. कर्रकन आवाज झाला. बाईंच्या पापण्या हलल्या. मुकादम दुखऱ्या कमरेने धावतच बाहेर गेला.

"पट्टी बंद. दोरीने बांधा."

"दोरीने? तासभर जास्त लागेल."

"लागू दे."

गड्याने आत डोकावून पाहिलं. चप्पल काढून दाराबाहेर ठेवली आणि अनवाणी कामाला लागला. दुसऱ्यानेही तेच केलं. टेबलाचे पाय, शोकेसच्या काचा, भांड्यांची खोकी, सगळं त्यांनी खाणाखुणांनी खाली उतरवलं. जिन्यात एकदा टेबल कठड्याला लागणार होतं. पुढच्या गड्याने मधे आपला हात घातला आणि दात आवळून तसाच उभा राहिला.

घर रिकामं झालं. फक्त मागची खोली राहिली. ऊन खिडकीतून सरकत पलंगावर आलं, तसा मुकादमाने एक पुठ्ठा उचलून खिडकीत उभा केला.

तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला बाईंचा फोन थरथरायला लागला. मुकादमाने तो झटकन उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन कानाला लावला.

"अगं, आहेस कुठे?" साहेबांचा आवाज आला. "दुसरा ट्रक अजून कसा पोचला नाही?"

"मी मुकादम बोलतोय साहेब. बाई कामात आहेत."

"पलंग निघाला का आईचा?"

"नाही अजून."

"एवढा वेळ? बाकी सगळं झालं ना?"

"बाकी झालं."

"मग काय करताय काय?"

मुकादमाने मागे वळून खोलीकडे पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आणला.

"जपतोय साहेब. वेळ लागेल."