आई गेल्यावरचं स्वयंपाकघर

"दिवे घालवू नका, काका." विंगेत चारुतानं दिवे सांभाळणाऱ्या बाळूकाकांचं मनगट धरलं.

तिनं बसवलेल्या एकांकिकेतली आई भांडून घर सोडून गेली होती. तालमीत इथेच अंधार व्हायचा. आज मात्र रंगमंचावर रिकामं स्वयंपाकघर उरलं होतं आणि पेटत्या शेगडीवर खरंखुरं दूध.

आदल्या दिवशी तिनं एका प्रयोगशील दिग्दर्शकाचा चित्रपट पाहिला होता. माणसं निघून गेली तरी त्याचा कॅमेरा खोलीतच थांबायचा. आपणही थांबायचं, तिनं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं.

"अगं, स्पर्धा आहे. पब्लिक फाडून खाईल!" काका कुजबुजले.

झालंही तसंच. बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. "मेले का रे सगळे?" कुणीतरी खच्चून ओरडलं. परीक्षक घड्याळं बघू लागले. काकांनी मनगट सोडवून घेतलं आणि बोट बटणावर ठेवलं.

तेवढ्यात पातेल्यातली साय थरथरली. दूध फुगून काठाशी आलं. शिट्ट्या कधी थांबल्या, कळलंच नाही.

"आई!" बाल्कनीतला तोच आवाज भान विसरून ओरडला, "अगं आई, दूध उतू जातंय!"