खारवलीच्या ऑफिसचं दार

खारवली गाव समुद्राखाली जाऊन एक तप लोटलं होतं. तरी गावातल्या बायकांच्या मासळी कंपनीची अध्यक्ष मथुरा तांडेल होडीत ताठ बसली होती. समोर कंपन्यांची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक दाभाडे फळीवर बसून पाण्यात कॅमेरा सोडत होते.

कायदा जुनाच होता. नोंदवलेल्या पत्त्यावर कंपनीची पाटी वाचता आली पाहिजे आणि कामाच्या वेळेत दार बंद असता कामा नये. नाहीतर कंपनी रद्द, आणि तिच्या ताब्यातलं गावावरचं मासेमारीचं पाणी सरकारजमा.

"पत्ता बदलून टाका की, बाई."

"का म्हणून? गाव आहे तिथंच आहे."

पडद्यावर बुडालेली घरं दिसू लागली. भिंतीभिंतींवर कालवं चिकटली होती. कंपनीची पाटी मात्र लख्ख होती. दर मोठ्या ओहोटीला बायका बुडी मारून ती कोयत्याने खरवडत.

दाभाड्यांनी मान डोलावली. कॅमेरा पुढे सरकला. चौकटीतून मासे खुशाल आतबाहेर करत होते.

"पण दार कुठंय?"

"पाणी चढलं तेव्हा मीच उखडून आणलं," मथुरा म्हणाली. "तुम्ही बसलाय ना, साहेब, तेच ते. म्हटलं, आता बघू कोण बंद करतंय!"