खिडकीकडे पाठ

मोरव्यांच्या घरात केबल येऊन आठ दिवस झाले होते आणि चांदणीला बघायला पाहुणे यायला अर्धा तास उरला होता. चांदणी सावळी होती, म्हणजे घरचे सावळी म्हणत. रखमाबाई लेकीच्या चेहऱ्यावर पावडरचा तिसरा हात देत होत्या. पहिले दोन घामानं गेले होते.

"त्या खुर्चीत बस गो, खिडकीकडं पाठ करून. तोंडावर उजेड न्हाय पडला पायजे."

टीव्हीवर परदेशी गाणं लागलं होतं. गाणारी बाई चांदणीपेक्षा चांगली चार पट काळी, आणि भर उन्हात थेट समोर बघत नाचत होती. रखमाबाईंचा हात थांबला.

"हिच्या आयशीनं हिला अशीच सोडली?"

"अशीच. आणि सगळं जग बघत बसलंय," म्हणत चांदणी उठली आणि खसाखसा तोंड धुऊन आली.

तेवढ्यात पाहुणे आलेच. मुलाच्या आईनं खोलीवरून एकदा नजर फिरवली आणि आपल्या योगेंद्रला नेमकं त्याच खुर्चीत बसवलं, खिडकीकडे पाठ करून. चांदणीच्या वाट्याला समोरची, लख्ख उजेडातली जागा आली. चहा देताना ती वाकली, तर त्याच्या कानामागे पांढरी रेघ दिसली.

"मोरी मागं हाय," ती हळूच म्हणाली. "पाणी मस्त गार हाय."

योगेंद्र क्षणभर गोरामोरा झाला, मग हसत उठला. तो परत आला तेव्हा टॉवेल पांढराफटक झाला होता आणि चांदणीला मुलगा पसंत होता.