मागनं ये गं

"मागनं ये गं, पुढून नको," वॉचमन म्हणाला, आणि ज्या बाईला म्हणाला ती सिनेमाची नायिका निघाली.

मग बंगल्याच्या दारात जो कल्लोळ झाला तो विचारू नका. नायिका मोलकरणीच्या कपड्यांत होती, चेहऱ्याला आणि हातांना काळा रंग लावलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. पायऱ्या चढता चढता ती गर्रकन वळली. खाली झाडांना पाणी घालणाऱ्या वॉचमनच्या हातातली नळी तिथेच गळून पडली. दिग्दर्शक धावला, बंगल्याची मालकीण धावली, कॅमेरावाला शिडीवरून उतरला. सिनेमा होता काळ्या माणसांवरच्या अन्यायाचा, पण हसवत हसवत रडवणारा. त्यातली मोलकरीण शेवटी मालकाच्या अंगावर चाव्या फेकते आणि पुढच्या दारानं ताठ मानेनं निघून जाते. आज नेमका तोच सीन होता, आणि आजच हे झालं.

मेकअपवाली आपली पेटी घेऊन चार पावलं मागे उभी होती. सगळ्या युनिटमध्ये ती एकटीच काळी. काम मिळालं तेही त्यामुळेच. रोज सकाळी ती आपला हात नायिकेच्या गालाशी धरायची आणि रंग कालवत राहायची. गाल कुठला न् हात कुठला हे कळेनासं झालं, की दिग्दर्शक खूश होऊन म्हणायचा, "आता कशी खरी वाटतेस!" म्हणायचा अर्थात नायिकेला.

चाळीस दिवस हे चाललं होतं. चाळीस दिवस मेकअपवाली कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून मागच्या दारानं आत येत होती. काळ्या माणसानं मागनंच यायचं, असा घराचा नियमच होता, मालकिणीच्या सासऱ्यांपासूनचा. पहिल्या दिवशी तिला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. पुढे पुढे वाईट वाटायचंही राहून गेलं आणि पाय आपोआप तिकडे वळायला लागले.

मागची वाट तिला दाखवली ती वॉचमननंच, मान खाली घालून. तो तिचा सख्खा आतेभाऊ. घरात दोन लेकरं आणि अंथरुणाला खिळलेली आत्या. त्याच्या रंगाच्या माणसाला दुसरी नोकरी मिळायची म्हणजे मारामारच होती.

"मला अडवतो? माझा रंग बघून?" नायिकेचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं, तेही ग्लिसरीनशिवाय. "इतके दिवस मी नुसता अभिनय करत होते हो. आज कळलं, काय वाटतं ते!"

दोघातिघांनी खरोखरच डोळे पुसले.

"माणसाला रंगावरून अडवतात असल्या घरात मी पाऊलसुद्धा ठेवलं नसतं," दिग्दर्शक कडाडला.

मालकीण शरमेनं अर्धी झाली. "आजच्या आज हाकलते याला," ती म्हणाली. नियम कुणाचा होता ते तिला आठवलं नाही आणि बाकीच्यांनीही विचारलं नाही.

दिग्दर्शक मेकअपवालीकडे वळला. "तू मागेच होतीस ना? तू ऐकलंस ना? सांग सगळ्यांना, काय झालं ते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चाळीस दिवसांत पहिल्यांदाच. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. सगळे पेटलेले होते, ऐकलंही असतं. पण गेली असती ती आधी भावाची नोकरी. नियम राहिला असता. तिनं आत राग शोधून पाहिला. बधिर झालेल्या पायासारखं सगळं गप्प होतं. तेव्हा जे खरं होतं, तेवढंच तिनं सांगितलं.

"त्यानं मॅडमना अडवलंच नाही. त्या पाठमोऱ्या होत्या. त्याला वाटलं, मी आहे."

एवढं बोलून ती थांबली. आता तरी कुणीतरी काही विचारेल, असं तिला वाटलं.

मालकिणीनं सुटकेचा श्वास सोडला. दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. कॅमेरावाला हसत हसत परत शिडी चढला. नायिकेनं डोळे टिपले, दोन पायऱ्या उतरून वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"हात्तिच्या! मग याचं काय चुकलं?"