पाद्रीबाबांची बडीशेप

दुसरं पान उलटताना पाद्री एलिफलेट क्रेन यांनी खाली पाहिलं. मंडळी पेंगत होती.

चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. क्रेन यांना गर्व एकाच गोष्टीचा होता. अमेरिकेतल्या अख्ख्या कनेटिकट प्रांतात लोक प्रार्थनाघरात येऊन घोरत, पण क्रेन यांच्या अडीच तासांच्या प्रवचनात कुणाची पापणी मिटत नसे. बायका तर सारख्या रुमाल तोंडाशी नेत, शेजारी बसलेल्या नवऱ्यापुढेही धरत. काळजाला भिडतं बिचाऱ्यांच्या, असं क्रेन समजत.

आणि आजच घात झाला. प्रवचन संपलं की लगेच पुरुष मंडळी हात वर करून ठरवणार होती, हा पाद्री ठेवायचा की काढायचा. तक्रार डीकन थ्रॉलची. मंडळीचा कारभार त्याच्या हातात. आठवडाभर तो दारोदार सांगत फिरला होता, "आपण पाद्री नेमलाय की गवत्या? आजाऱ्याच्या उशाशी बोलवावं, तर हा दलदलीत गुडघाभर उभा. वर पोरींना शाळेत बसवून पाकळ्या मोजायला शिकवतो." राहतं घर मंडळीचं, बागही मंडळीची. वाळवून कागदावर चिकटवलेली सहाशे झाडं घेऊन क्रेन जाणार तरी कुठे?

म्हणून त्यांनी जन्मातलं सर्वांत चांगलं प्रवचन लिहून आणलं होतं. त्यांनी आवाज चढवला. वेळेआधीच नरक आणला. नरकातही कुणी डोळा उघडला नाही. पेंगणाऱ्यांना काठीने ढोसायला नेमलेला माणूस त्याच काठीवर हनुवटी टेकून घोरत होता. बायकांचे चेहरे टोप्यांच्या रुंद काठांआड होते, ते दिसतच नव्हते. घसा बसेपर्यंत क्रेन बोलत राहिले.

शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं. त्या आवाजाने डीकन थ्रॉल दचकून उठला आणि ओठ पुसत गरजला, "ज्यांना हा पाद्री नको, त्यांनी हात वर करा." स्वतःचा हात त्याने आधी वर केला.

प्रवचन संपलं की प्रार्थना, आणि प्रार्थनेला उभं राहायचं, हे गावाच्या हाडीमांसी मुरलेलं. झोपेतून उठलेले साठ पुरुष धडपडत उभे राहिले. त्यांनी माना खाली घातल्या आणि हात पोटाशी घट्ट जुळवले. वर हात एकच राहिला. मत एकदाच विचारायचं असा नियम, तोही थ्रॉलनेच केलेला. "अहो, ऐका तरी," असं तो म्हणेपर्यंत कारकुनाने जांभई देत लिहून टाकलं, विरोधात एक.

दाराशी क्रेन यांना मेहिटबेल भेटली. ही थ्रॉलचीच बायको. पडेल चेहऱ्याने ते म्हणाले, "बाई, नोकरी वाचली खरी. पण प्रवचन पार फसलं. सगळे झोपले."

"झोपणारच. दर हिवाळ्याआधी तुम्ही घरोघर बडीशेप वाटता ना?"

"वाटतो की. पोरांच्या पोटदुखीला."

"पोरांना कशाला? ती रुमालात बांधून आम्ही इथे आणतो. तुमचं प्रवचन चालू असेपर्यंत यांना चघळायला देतो, म्हणून हे जागे असतात. आज एकीनेही आणली नाही. परवा सगळ्याजणी साबण उकळायला जमलो, तेव्हाच ठरवलं. आम्हाला काही हात वर करायचा हक्क नाही. पण पोरींची शाळा मोडू द्यायची नव्हती."

क्रेन यांना त्या झाडाचं लॅटिन नाव पाठ होतं, पाकळ्या पाठ होत्या, पुंकेसर पाठ होते. एवढंच तेवढं ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांचा गर्व उतरला, तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण निदान तुम्ही तरी ऐकलंत ना? नरकाचा भाग बरा जमला होता."

मेहिटबेलने टोपीची नाडी सैल केली.

"नरक होता का त्यात? पाद्रीबाबा, बडीशेप मीही खाल्ली नव्हती."