परीक्षेचे काका

"मायट्रल स्टेनॉसिस म्हण, दीकरा. हृदयाची एक झडप अरुंद झालीय, बस," पिलाजीराव ओठ फारसे न हलवता पुटपुटले.

रसिकाने स्टेथोस्कोप कानांत घातला, त्यांच्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेचा हा तिचा दुसरा प्रयत्न होता. आज घसरली तर आणखी सहा महिने घरात तोंड लपवून बसायचं. पोरीचे हात बर्फासारखे गार पडले होते.

बडोद्यातल्या विद्यापीठाची तीन रुग्णालयं, आणि तिन्ही ठिकाणी परीक्षेला रुग्ण म्हणून पिलाजीराव लागायचेच. रेल्वेतून निवृत्त झाले त्या वर्षी डॉक्टरांना त्यांच्या छातीत एक सुरेख, स्पष्ट आवाज सापडला. असा आवाज शिकवायला सहसा मिळत नाही म्हणे. तेव्हापासून दर परीक्षेला तरसाली भागातल्या त्यांच्या घरी फोन यायचा आणि इस्त्रीचा सदरा घालून काका सकाळी आठलाच खाटेवर हजर व्हायचे. सेवउसळ, दोन वेळा चहा, आणि दिवसभर घाबरलेली पोरं. काकांना ती भीती बघवत नसे. मग ते उत्तर सांगून मोकळे होत. काकांची खाट मिळाली की पास, हे एका बॅचकडून दुसऱ्या बॅचला आपोआप कळायचं. आजवर त्यांचं एकही मूल नापास झालं नव्हतं, आणि याचा त्यांना नातवंडांच्या मार्कांइतका अभिमान होता. "तुम्ही स्वतःला एकदा नीट दाखवून घ्या हो," असं बायको, सुनंदाबाई, म्हणायच्या. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "वर्षाला चाळीस जण तपासतात मला. आणखी कोणाला दाखवू?"

रसिका अजून ऐकतच होती. एवढा वेळ कुणी घेत नसे. वर पंखा संथ फिरत होता, पडद्यातून पिवळं ऊन गळत होतं, आणि पिलाजीरावांना पुन्हा ती गुंगी आली. हल्ली ती वरचेवर यायची. घराचा जिना चढताना पायऱ्या कापसासारख्या मऊ व्हायच्या. सगळं पांढरं पांढरं व्हायचं आणि त्यातून मालगाडीचे डबे एकामागून एक सरकत जायचे, जराही खडखडाट न करता. मग ते कठड्याला धरून उभे राहत आणि गाडी संपेपर्यंत बघत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकं छान वाटतं, तो काय आजार असेल?

"बोला," परीक्षकांच्या आवाजाने ते भानावर आले.

"सर, मायट्रल स्टेनॉसिस आहे," रसिका म्हणाली. पिलाजीरावांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ती थांबली नाही. "आणि आणखी एक आवाज आहे. वरच्या बाजूला, मानेपर्यंत जातोय. दुसरी झडपही अरुंद झालीय."

परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. "इथे एकच लिहिलीय."

"मला दोन ऐकू येतात, सर."

झालं. पोरीने हातचा घास सांडला. पिलाजीरावांना राहवेना. ते अर्ध्या गुजरातीत म्हणाले, "साहेब, छोकरी गभराई गई छे. एक ज छे, एकच. मला माहीत आहे ना."

"काका, तुम्ही बोलू नका," परीक्षक म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला. छातीवर. मग मानेवर. मग पुन्हा छातीवर. त्यांचा चेहरा बदलला.

"जिना चढताना चक्कर येते?"

"चक्कर नाही हो. जरा... तरंगल्यासारखं होतं. गाडी दिसते." पिलाजीराव लाजले.

परीक्षकांनी कागद खाटेवर ठेवला. "यांना एक पाऊलही चालू देऊ नका. स्ट्रेचर आणा, हृदयविभागाला कळवा," ते नर्सला म्हणाले, आणि रसिकाकडे वळून हळूच, "पुढच्या पेशंटकडे जा. इथलं झालं तुझं. उत्तम झालं."

ती गेली नाही. स्ट्रेचर येईपर्यंत त्यांचा हात धरून उभी राहिली. आता तिचे हात गरम होते आणि त्यांचे गार. पिलाजीरावांना भीती वाटली. तो मऊ जिना, ती बिनआवाजाची गाडी, सगळ्याची एकदम भीती वाटली.

"मी सांगितलं होतं ना तुला," ते म्हणाले. "ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना, काका. पण कानांत आलं त्याच्याशी जुळेना." तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. "हा दुसरा आवाज काही आजचा नाही. तीन-चार वर्षांचा तरी असेल. इतक्या जणांनी तपासलं तुम्हाला, कुणीच कसं सांगितलं नाही?"

पिलाजीरावांनी तिचा हात पुन्हा धरला.

"कोण सांगणार, दीकरा?" ते म्हणाले. "सगळ्यांना मीच सांगत होतो."